गाडीवरचे पाण्याचे डाग : बसलेले कोणते, खाल्लेले कोणते?



आम्ल-आम्लारीचा पाठ सुरू झाला की 'आम्लवर्षा' हा शब्द येतो, आणि मुलं तो लगेच घरी घेऊन जातात. मग दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो, "बाई, आमच्या गाडीच्या बॉनेटवर पांढरे गोल डाग पडलेत. बाबा म्हणतात ॲसिड रेन झालाय. खरं का?" दर वर्षी जून-जुलैत हा प्रश्न एकदा तरी येतोच. 'हो' किंवा 'नाही' म्हणून तो संपवण्यापेक्षा त्यावर एक अख्खा तास घ्यावा असं मला वाटतं. कारण या एका डागात सामू आहे, बाष्पीभवन आहे, दुष्फेन पाणी आहे, उदासिनीकरण आहे. आणि पालकांच्या दृष्टीने बोलायचं तर पैसे आहेत. चुकीच्या निदानावर लोक हजारो रुपये घालवतात.

आमच्या शाळेत मुलांची ने-आण करणारे एक व्हॅनवाले काका आहेत. मागच्या वर्षी मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी त्यांनी आपली घरची जुनी काळी गाडी विकायला काढली. गाडी बघायला आलेल्या दलालाने टपावरून हात फिरवला, मान हलवली आणि म्हणाला, "ॲसिड रेनने पेंट गेलाय काका, अख्खी गाडी रंगवावी लागेल." असं म्हणून त्याने सरळ चाळीस हजार रुपये कमी सांगितले. काका शाळेच्या फाटकाशी उभे राहून मला विचारत होते, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता. पावसाने गाडीचा रंग खरंच जातो का हो?"

त्या काकांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी स्वयंपाकघरात चला

गाडीवरचे डाग दोन जातीचे असतात आणि दोन्ही जाती आपल्या ओट्यावर रोज दिसतात.

पहिली जात म्हणजे नळावरचा पांढरा थर. स्टीलच्या नळाच्या तोंडाशी, बादलीच्या आतल्या कडेला, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा खरखरीत थर बसतो तो. हा थर पृष्ठभागाच्या वर बसलेला असतो. खालचं स्टील जसंच्या तसं असतं. लिंबाची फोड चोळली की थर विरघळतो आणि नळ पुन्हा चमकतो.

दुसरी जात म्हणजे कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू चिरल्यावर पडणारा पांढुरका चट्टा. तो कितीही घासा, जात नाही. कारण तिथे वर काही बसलेलंच नाही. कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे, लिंबाच्या आम्लाने त्याचा वरचा गुळगुळीत भाग खाल्ला गेला आहे. आपण ज्याला 'डाग' म्हणतो तो खरं तर एक उथळ खड्डा आहे.

गंमत बघा, पहिला डाग लिंबाने जातो आणि दुसरा लिंबाने पडतो. मुलांना एवढं जरी नीट समजलं तरी अर्धा पाठ झाला.

गाडीवरही नेमकं हेच असतं. एक 'बसलेला' डाग, एक 'खाल्लेला' डाग. बसलेला विरघळवून काढता येतो. खाल्लेला काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग घासून खड्ड्याच्या पातळीला आणावा लागतो. उपाय पूर्ण वेगळे, खर्च पूर्ण वेगळा.

गाडीचा रंग म्हणजे नक्की काय?

हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक 'क्लिअर कोट' असतो. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं हा क्लिअर कोट झेलतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची चमक केसाहूनही पातळ थरावर उभी आहे. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा पोरं आपला केस उपटून बघतात!

आणि हा थर एकदा घासला की परत वाढत नाही, हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत त्यातला एखाद-दोन, कधी तीन-चार मायक्रॉन जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. म्हणून 'दर दिवाळीला रबिंग मारून घेतो' ही सवय चांगली नव्हे.

आम्लवर्षा खरी, पण...

शुद्ध पावसाचं पाणीही पूर्ण उदासीन नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू साधारण ५.६ होतो. कोळसा आणि तेल जाळल्याने गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत मिसळले की त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनतं, आणि सामू आणखी खाली येतो. याला आम्लवर्षा म्हणायचं. रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरच्या हवेचा आणि पावसाचा अभ्यास मांडला, आणि १८७२ च्या पुस्तकात 'ॲसिड रेन' हा शब्द वापरला. तेव्हा मोटारगाडीच नव्हती.

आता एक साधं गणित फळ्यावर करा. सामू एकाने कमी झाला की आम्लता दहापट होते. समजा, बॉनेटवर सामू ५ असलेला एक थेंब पडला. हे काही फार तीव्र आम्ल नव्हे. पण ऊन पडलं, थेंबातलं पाणी उडायला लागलं. सल्फ्युरिक आम्ल मात्र पाण्यासारखं उडून जात नाही, ते मागेच राहतं. थेंब शंभराव्या भागाइतका उरला की त्याचा सामू ३ होतो. हजाराव्या भागाइतका उरला की २, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. आणि हा 'लिंबाचा रस' कुठे आहे? दुपारच्या उन्हात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकणाऱ्या काळ्या पत्र्यावर. आता त्याने क्लिअर कोटमधले रेणूंचे सांधे तोडायला सुरुवात केली तर नवल ते काय?

म्हणूनच पाऊस चालू असताना गाडीला काही होत नाही. घात होतो तो पाऊस थांबून कडक ऊन पडल्यावर.

इथे हुशार मुलं विचारतात, "मग साध्या पावसाचा थेंबसुद्धा आटतो, त्याने का खड्डा पडत नाही?" प्रश्न फार छान आहे. साध्या पावसातली आम्लता कार्बन डायऑक्साइडची असते आणि तो वायू थेंब तापला की उडून जातो. मागे आम्ल उरतच नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी नव्याकोऱ्या गाड्यांवर असे खड्डे पडल्याच्या तक्रारी वाढल्या. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल हे गाव तर यासाठी इतकं प्रसिद्ध झालं की रंग बनवणारे आपल्या रंगांच्या पट्ट्या उन्हाळाभर मुद्दाम तिथे नेऊन उघड्यावर ठेवतात आणि कोणता रंग टिकतो ते बघतात. तिथे उष्णता आहे, दमटपणा आहे आणि हवेत आम्लही आहे. पुढे कंपन्यांनी आम्लरोधक क्लिअर कोट आणले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्याचा जादा खर्च दर गाडीमागे सरासरी ५ डॉलर आणि सगळ्या नव्या गाड्यांचा मिळून वर्षाला सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर असा सांगितला होता. प्रदूषणाची किंमत कोण भरतं, यावर आठवी-नववीच्या मुलांशी बोलायला हा आकडा उपयोगी पडतो.

आता तो 'पण'. आपल्याकडे हवेत धूळ भरपूर. त्या धुळीत चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा अंश असतो, आणि तो पावसातलं बरंचसं आम्ल खाली येईपर्यंतच उदासीन करतो. त्यामुळे भारतात पुष्कळ ठिकाणी पावसाचा सामू वाटतो तितका खाली जात नाही, काही ठिकाणी तर तो ५.६ च्या वरच सापडतो. धुळीला आपण एरवी शिव्या देतो, इथे ती कामाला येते. याचा अर्थ आपल्याकडे आम्लवर्षा होतच नाही असा नव्हे. रिफायनऱ्या, खतांचे आणि रसायनांचे कारखाने, कोळशावरची वीजकेंद्रं यांच्या जवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे चेंबूर-माहुल किंवा चंद्रपूरच्या लोकांनी, जास्त सावध असावं. पण नाशिकच्या, लातूरच्या, पुण्याच्या उपनगरातल्या सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीवर पांढरे गोल दिसले, तर पहिला संशय पावसावर घेऊ नका. पहिला संशय बादलीवर घ्या.

बादलीतला गुन्हेगार

दुष्फेन पाणी आपण पुस्तकात शिकवतो आणि सोडून देतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेलं पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. बोअरचं पाणी, उन्हाळ्यातलं टँकरचं पाणी हे बहुतेक वेळा असंच असतं.

याचंही गणित करून बघू. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आपण ५०० च धरू. १५ लिटरच्या बादलीत साडेसात ग्रॅम क्षार झाले, म्हणजे चहाचा दीड चमचा. गाडी धुऊन झाल्यावर समजा पाव लिटरपेक्षा थोडं कमी, २०० मिलिलिटर पाणी अंगावर राहिलं आणि ते न पुसता उन्हात वाळलं, तर १०० मिलिग्रॅम क्षार मागे राहिले. रोज सकाळी धुणारा माणूस वर्षातून ३०० दिवस येतो. ३० ग्रॅम! ओंजळीत घेऊन बघा किती होतात ते. बोअरचं पाणी याच्या दुप्पट-तिप्पट क्षारांचं असेल तर हिशोब तुम्हीच करा.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ही चूक चांगल्या हेतूने होते. घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बऱ्याच घरांत साठवतात आणि त्याने गाडी धुतात. पाणी वाचवायची भावना योग्यच. पण आरओ काय करतं? क्षार गाळून एका बाजूला ठेवतं. ते सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच आलेले असतात, म्हणजे हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही खारट. फरशी पुसा, संडासात ओता, गाडीला लावू नका. त्याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं झालेलं असतं, जवळजवळ क्षारविरहित. उन्हाळ्यात दिवसाला काही लिटर सहज मिळतं. ते गाळून गाडीच्या शेवटच्या पुसण्याला वापरा, डाग पडणार नाहीत. (प्यायला मात्र नाही, हे घरातल्या लहानांना सांगून ठेवा.)

तिसरा गुन्हेगार पार्किंगच्या डोक्यावर असतो. गळक्या स्लॅबमधून टपकणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन खाली येतं. ते चांगलंच आम्लारीधर्मी असतं, आणि बॉनेटवर वाळलं की अक्षरशः दगडासारखं बसतं. काही दिवस तसंच राहिलं तर क्लिअर कोटही खातं. फक्त आम्लच रंग खातं हा समज त्यामुळे चुकीचा. अशा ठिकाणी गाडी धूत बसण्यापेक्षा गाडीची जागा बदला आणि सोसायटीच्या बैठकीत विषय काढा.

डाग गोल आणि कडेला गडद का?

टेबलावर चहाचा थेंब वाळला की कडेला गडद रेघ येते आणि मधला भाग फिका राहतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचं कारण दाखवून दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि कडेचं पाणी लवकर उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहत जातं आणि जाताना आपल्यातलं सगळं कडेला नेऊन टाकतं. गाडीवरची पांढरी कंकणं अशीच होतात.

याच निमित्ताने एक गैरसमज दूर करू. 'थेंब भिंगासारखं काम करतो आणि उन्हाने रंग जळतो' असं सर्रास सांगितलं जातं. दुपारी झाडांना पाणी घातलं तर पानं जळतात, हाही त्याचाच भाऊ. सपाट जागेवर बसलेल्या थेंबाचा नाभीबिंदू त्या जागेच्या बराच खाली असतो, त्यामुळे किरण तिथे एकवटतच नाहीत. हंगेरीच्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांवर प्रयोग करून दाखवलं की गुळगुळीत पानं थेंबांमुळे जळत नाहीत, जिथे लव थेंबाला पानाच्या वर उचलून धरते तिथेच तशी शक्यता असते. गाडीला लव नाही. भिंगांचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

निदान आधी, औषध नंतर

गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. स्वच्छ धुवा, पुसा. मग बोटाचं टोक डागावरून हलकेच फिरवा. खरखरीत, उंचवटा लागला तर बहुधा बसलेला डाग. काहीच लागत नसेल, पण तिरप्या उजेडात कंकण दिसत असेल तर बहुधा खाल्लेला. ट्यूबलाइटखाली आणि गडद रंगाच्या गाडीवर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. टप, बॉनेट, डिकी या आडव्या भागांवर खाल्लेले डाग जास्त असतात, कारण तिथे थेंब बसून राहतो. दारांवरून तो ओघळून जातो.

खरी कसोटी व्हिनेगरची. किराणा दुकानात चायनीजसाठी मिळतं ते पांढरं व्हिनेगर. त्यात ४-५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. जेवढं व्हिनेगर तेवढंच शुद्ध पाणी घाला. पाणी आरओचं चांगलं घ्या, वाया जाणारं नको. मऊ मायक्रोफायबर कापड त्यात भिजवून डागावर मिनिटभर नुसतं ठेवा, घासू नका. मग उचला, हलकेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग गेला? मग तो चुन्याचा होता. कॅल्शियम कार्बोनेटवर ॲसेटिक आम्लाची क्रिया होऊन पाण्यात विरघळणारं कॅल्शियम ॲसिटेट बनलं, कार्बन डायऑक्साइड उडाला. पुस्तकातलं समीकरण बॉनेटवर घडलं. थोडा कमी झाला तर आणखी एकदा करा. व्हिनेगर वाळू मात्र देऊ नका.

व्हिनेगर खाली शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. शहाबादीही चुनखडीचीच, तिथे नवा चट्टा पडेल आणि घरात वेगळाच पाठ सुरू होईल.

काही बसलेले डाग व्हिनेगरनेही हटत नाहीत. आपला महाराष्ट्र बराचसा बेसॉल्टवर बसलाय, त्या खडकातल्या पाण्यात सिलिकाही असते आणि सिलिका व्हिनेगरला दाद देत नाही. तिथे क्ले बार उपयोगी पडतो. हा मळलेल्या कणकेसारखा मऊ चिकट गोळा असतो. पत्रा साबणाच्या पाण्याने बुळबुळीत ठेवून हा गोळा हलक्या हाताने पुढे-मागे फिरवायचा, वर चिकटलेले कण तो उचलून घेतो. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. त्यात घुसलेला वाळूचा एक कण अख्ख्या बॉनेटवर रेघोट्या मारेल.

एवढ्याने जे जाईल ते जाईल. आता जे कंकण उरलं तो खड्डा आहे.

खाल्लेल्या डागाचं काय करायचं?

इथे रसायन संपतं आणि सुतारकाम सुरू होतं. लाकडात खड्डा पडला तर सुतार रंधा मारून आजूबाजूचं लाकूड खाली आणतो, तसंच. आधी सर्वात सौम्य पॉलिश घ्यायचं आणि वीतभर जागेवर करून बघायचं. डाग गेला तर तेवढंच पुरे. नाही गेला तर त्याहून जरा कडक कंपाऊंड. थेट कडक कंपाऊंडपासून सुरुवात करणारा कारागीर असेल तर त्याला थांबवा. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा इथे लेप सर्वात पातळ असतो, तिथे मशीन लावायचंच नाही. चांगल्या कारागिराकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. ते नुसतं 'आहे का?' असं विचारलं तरी पुष्कळ उलगडा होतो. पॉलिश झाल्यावर वॅक्स किंवा सीलंट लावायचं, कारण व्हिनेगर आणि पॉलिश दोन्हींनी आधीचं संरक्षण गेलेलं असतं.

खड्डा खोल असेल तर २००० किंवा ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासतात. हे घरी करू नये. आणि त्याहून खोल असेल तर? तर माझं स्पष्ट मत असं की तो तसाच राहू द्यावा. दहा फुटांवरून न दिसणाऱ्या डागासाठी क्लिअर कोट संपवला तर दोन उन्हाळ्यांत टपाचा रंग पापुद्रे सुटल्यासारखा जायला लागेल, आणि मग खरोखरच रंगवावी लागेल.

व्हॅनवाल्या काकांच्या गाडीवर नव्वद टक्के डाग बसलेलेच निघाले. सोसायटीला बोअरचं पाणी, गाडी उघड्यावर, धुणारा न पुसता जाणारा. व्हिनेगरची एक बाटली, एक क्ले बार आणि रविवारची सकाळ त्यात गेली. टपावर सात-आठ कंकणं उरली, ती एका पॉलिशवाल्याने हलक्या हाताने बरीच फिकी केली. सगळा खर्च तीन हजारांच्या आत. दलाल दुसरा शोधला. त्याने भाव पाडला, पण तो टायरवरून.

हे मात्र करू नका

संडास साफ करायचं ॲसिड गाडीवर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. डाग क्षणात जातो हे खरं, पण ते क्रोमला, ॲल्युमिनियमच्या चाकांना, पत्र्याच्या सांध्यांना लागतं आणि तिथून गंज सुरू होतो. त्याची वाफ छातीत जाते. आणि कोणतंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे. घरात मुलं 'प्रयोग' करत असतील तर हे त्यांना आधी सांगा. बाजारातल्या तीव्र 'स्पॉट रिमूव्हर' बाटल्यांपैकी काहींत फ्लुओराइडयुक्त आम्लं असतात, ती कातडीतून आत जातात. बाटलीवरचं वाचल्याशिवाय आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये. टूथपेस्ट, राख, भांडी घासायची पावडर ही सगळी कडक घासणारी द्रव्यं आहेत, डागाबरोबर चमकही नेतात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल पालक विचारतात. त्याने फायदा होतो, पण 'डाग पडणारच नाहीत' ही विक्रेत्याची भाषा झाली. कोटिंगवर पाणी गोल थेंब धरून बसतं, आणि ते थेंब दुष्फेन पाण्याचे असतील तर कोटिंगवरही कंकणं उमटतात. धुतल्यावर कोरडी पुसणं याला पर्याय नाही. उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस पडून ऊन आलं, तर त्या दिवशी गाडीवर स्वच्छ पाणी मारून पुसून घ्या, कारण हवेत साठलेली सगळी घाण तो पहिला पाऊस खाली आणतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारा वारा असतो, पण ते मीठ साध्या पाण्यानेच विरघळतं, फक्त वेळेवर धुवायला हवं.

वर्गातला प्रयोग

स्टीलची स्वच्छ ताटली घ्या. तिच्यावर ड्रॉपरने चार थेंब अंतरा-अंतरावर ठेवा : आरओचं शुद्ध पाणी, नळाचं, बोअरचं आणि आरओचं वाया जाणारं. खाली खडूने नंबर लिहा. ताटली उन्हात ठेवा आणि सुट्टीनंतर बघा. कोणतं कंकण सर्वात ठळक, ते मुलांनी आधी अंदाजाने वहीत लिहायचं. पाऊस असेल तर पाचवा थेंब गच्चीवर उघड्या वाटीत धरलेल्या पावसाचा. वाटी पन्हाळीखाली ठेवू नका, छपरावरची धूळ आणि क्षार त्यात येतात.

मग वाळलेल्या प्रत्येक कंकणावर व्हिनेगरचा एक थेंब. शेजारी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि त्यावरही एक थेंब टाका. फरशीवर बारीक बुडबुडे येतात, ते भिंगातून दाखवा. खडूवर हा प्रयोग करायला जाल तर फसण्याची शक्यता आहे, कारण हल्लीचे बरेचसे खडू चुनखडीचे नसून जिप्समचे असतात आणि त्यावर बुडबुडे येत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून 'का?' असं विचारलं तर पुढच्या तासाची सोय होते.

ताटली धुऊन पुसल्यावर मुलांना बोट फिरवायला सांगा : ताटली पूर्वीसारखी गुळगुळीत, फरशीवर मात्र थेंबाच्या जागी चट्टा. मग ज्यांच्या घरी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी रविवारी घरच्यांबरोबर डाग तपासायचे आणि वहीत दोन रकाने करायचे, 'बसलेले' आणि 'खाल्लेले'. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी नळ आणि ओटा तपासायचा, गुण तेवढेच.